कोंबडीनं घर बदललं की अंडी कुठं जातात?

शेलूबाजारच्या बचत गटातल्या आम्ही बाया आज तुमच्याशी बोलायला आलो आहोत. विषय कोंबडीचा आहे. हसू नका, कारण याच कोंबडीवरून आमच्या गटात दोघी मैत्रिणींचं बोलणं बंद व्हायची वेळ आली होती.

झालं असं. आमच्यातल्या एका ताईंनी गटातून कर्ज घेतलं आणि जवळच्या खेड्यातल्या ओळखीच्या बाईकडून दहा कोंबड्या आणल्या. सुधारित जातीच्या, चांगल्या अंड्यावर आलेल्या. त्या बाईकडे रोज सहा-सात अंडी निघायची, हे ताईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी पाच अंडी मिळाली. तिसऱ्या दिवशी दोन. मग एक. आणि पाचव्या दिवसापासून एकही नाही.

झालं, बोलणी सुरू झाली. कोणी म्हणालं नजर लागली. कोणी म्हणालं, "म्हाताऱ्या कोंबड्या गळ्यात मारल्या वं तिनं!" घरातले रोज विचारायचे, "काहून, तुह्या कोंबड्या नुसत्या खातेत का?" इकडे हप्त्याची तारीख जवळ आली. पंधराव्या दिवशी ताईंचा धीर सुटला. चार कोंबड्या त्यांनी चिकनच्या दुकानात पडत्या भावात देऊन टाकल्या आणि एक घरीच कापली.

कापल्यावर तिच्या पोटात काय निघालं, ते तुम्ही ओळखलं असेल. पिवळ्या बलकांचा घड. बारीक मोहरीएवढ्या दाण्यांपासून मोठ्या गोळ्यापर्यंत, ओळीनं लागलेला. ती कोंबडी दोन-चार दिवसांत अंडं देणार होती. उरलेल्या पाचांपैकी पहिलीनं एकोणिसाव्या दिवशी अंडं दिलं आणि मग एकेक करत बाकीच्याही लागल्या.

म्हणजे त्या बाईनं फसवलं नव्हतं, नजरही लागली नव्हती. आम्हालाच कोंबडीच्या पोटातला हिशोब माहीत नव्हता. तो आम्ही पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घेतला, आणि आज तोच तुम्हाला सांगतो.

पोटातली दहा दिवसांची रांग

आपल्याला वाटतं, कोंबडी आज दाणे खाते आणि उद्या अंडं देते. तसं नसतं. मांजरीच्या किंवा गाईच्या पोटात गर्भ वाढतो, तसे कोंबडीच्या पोटात बलक वाढतात, पण एकाच वेळी पाच-सात, लहानमोठे, रांगेत. शेवटच्या सात ते दहा दिवसांत प्रत्येक बलक झपाट्यानं मोठा होतो. पूर्ण वाढला की सुटतो आणि अंड्याच्या नळीत येतो. तिथं त्याच्याभोवती पांढरा भाग, मग पातळ पापुद्रा आणि शेवटी कवच चढतं. या सगळ्याला 24 ते 26 तास लागतात. त्यातले सुमारे 20 तास तर एकट्या कवचालाच जातात.

आता कोड्याचं उत्तर मिळालं का? कोंबडी तुमच्या घरी आली तेव्हा एक अंडं तिच्या नळीत आधीच होतं. ते तिनं दुसऱ्या दिवशी दिलं. एखादीचा पुढचा बलकही सुटायच्या बेतात होता, तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी आला. ती अंडी तुमच्या घरची नव्हती, जुन्या घरची शिल्लक होती. ती संपली आणि नव्या घरचा हिशोब शून्यापासून सुरू झाला.

शून्यापासून का? कारण घाबरलेल्या कोंबडीच्या अंगात भीतीचा रस वाढतो आणि अंडी घडवणारे रस कमी होतात. पाय बांधून गाडीवरचा प्रवास, अनोळखी खुराडं, नवे कुत्रे, नवी माणसं, खाण्यापाण्याची वेगळी भांडी, हे सगळं तिला संकटच वाटतं. अशा वेळी तिचं शरीर आधी स्वतःला जगवतं. रांगेतले वाढत असलेले बलक ते परत शोषून घेतं. वाया घालवत नाही, अंगात जिरवतं.

मग कोंबडी स्थिरावली की रांग पुन्हा लागते. पण रांग लागायला आठ-दहा दिवस हवेतच. आधी स्थिरावायला एक आठवडा धरा, वर बलक पिकायला दहा दिवस. म्हणजे सगळं नीट केलं तरी दोन ते तीन आठवडे अंडी नसणं हे साधं आहे. यात कोंबडीचा दोष नाही आणि तुमचाही नाही.

आधी घराभोवती शोधा

कोंबडी अंडीच देत नाही, असं ठरवण्याआधी एक काम करा. शोधा. नव्या घरात तिला अंडं द्यायची जागा ठाऊक नसते, म्हणून ती स्वतःची जागा निवडते. आमच्याकडे एकीला पऱ्हाट्यांच्या ढिगामागे नऊ अंडी सापडली. कुटाराची खोली, कडब्याची गंजी, जुनं टोपलं, मोडकी गाडी, सगळीकडे हात घालून बघा. हात घालण्याआधी काठीनं हलवा, साप-विंचू असू शकतो. मुंगूस आणि कुत्राही अंडी पळवतात, तेही ध्यानात ठेवा.

सापडलेली अंडी भांडंभर पाण्यात सोडा. तळाशी आडवं पडलं तर ताजं. तळाशीच पण उभं राहिलं तर जुनं, ते वेगळ्या वाटीत फोडून वास पाहूनच वापरा. वर तरंगलं तर टाकून द्या.

पुन्हा असं होऊ नये म्हणून नव्या कोंबड्या पहिले चार-पाच दिवस खुराड्यात किंवा जाळीत बंद ठेवा. त्यानंतर आठवडाभर दुपारपर्यंत कोंडून ठेवा, कारण बहुतेक अंडी सकाळीच पडतात. खुराड्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात जुनं घमेलं किंवा टोपली ठेवा, त्यात कोरडं गवत घाला. चार-पाच कोंबड्यांना एक टोपली पुरते. टोपलीत अंड्याच्या आकाराचा पांढरा गोटा ठेवा. तो पाहून कोंबडीला वाटतं की आपल्यासारखीच कोणीतरी इथं अंडं देऊन गेली आहे, मग तीही तिथंच बसते.

ती अंड्याच्या वयाची आहे का?

दुसरी चूक वयाची होते. पशुसंवर्धन खात्याच्या योजनेत 25 माद्या आणि 3 नर असा तलंगांचा गट मिळतो. त्या तलंगा 8 ते 10 आठवड्यांच्या असतात. दिसायला मोठ्या दिसतात, पण अंडं द्यायला त्यांना अजून तीन-चार महिने लागतात. सुधारित जातीची कोंबडी साधारण साडेपाच-सहा महिन्यांनी अंड्यावर येते, गावरान त्याहूनही उशिरा. तलंग आणून आठवड्याभरात अंडी शोधू नका.

उलट बाजारात कधीकधी वय झालेल्या कोंबड्या विकायला येतात. मोठ्या पोल्ट्रीतून काढलेल्याही येतात. तिथं त्यांना रात्रीही दिव्याचा उजेड मिळत होता. आपल्या घरी आल्यावर दिवस एकदम लहान होतो. मग त्या पिसं गाळायला लागतात, आणि पिसं गळती-उगवती असताना कोंबडी अंडं देत नाही. त्यात दोन-तीन महिने जातात.

म्हणून विकत घेतानाच हातात धरून बघा. तुरा लालभडक, मऊ आणि भरलेला असेल तर ती अंड्यावर आहे. तुरा फिका, आक्रसलेला, कोरडा असेल तर नाही. शेपटीखाली दोन बाजूंना दोन टोकदार हाडं हाताला लागतात. त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं आडवी बसली तर कोंबडी अंडं देते आहे. एकच बोट बसलं तर अंडी बंद आहेत. ही तपासणी घरीही दर आठवड्याला करा. हाडांतलं अंतर वाढायला लागलं, तुरा लाल व्हायला लागला, की समजा रांग पुन्हा लागली.

आणि कोंबडी टोपलीतून उठतच नसेल, पिसं फुगवून कट्-कट् करत असेल, तर ती खुडूक झाली आहे. तिला पिल्लं काढायची आहेत. पिल्लं नको असतील तर दोन-तीन दिवस टोपलीपासून दूर, उजेडात, हवा खेळत्या जाळीत ठेवा. दाणापाणी मात्र द्या.

आणताना आणि आणल्यावर

आपल्याकडे बाजारातून कोंबड्या आणायची रीत काय? पाय बांधायचे आणि मोटारसायकलच्या हँडलला उलट्या लटकवायच्या. अंड्यांसाठी आणलेल्या कोंबडीला असं कधीच आणू नका. डालग्यात किंवा जाळीच्या कॅरेटमध्ये आणा, हवा लागेल इतकी मोकळी जागा ठेवा. आपल्या वाशीम जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. त्या दिवसांत पहाटे किंवा दिवस मावळल्यावरच आणा. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते आणि तशीच गरमीनं मरतेही.

घरी आल्यावर आधी पाणी. पाण्यात थोडा गूळ आणि चिमूटभर मीठ चालतं. तासाभरानं दाणा. पाण्याला कमी समजू नका. अंड्याचा जवळपास तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो. कोंबडी जेवढं खाते त्याच्या दुप्पट पाणी पिते, उन्हाळ्यात त्याहूनही जास्त. एक दिवस पाण्याविना गेला तरी अंड्यांना खीळ बसते. नव्या घरात पाण्याचं भांडं कुठं आहे हेच कोंबडीला कळत नाही, म्हणून पहिल्या दिवशी तिची चोच एकदा पाण्यात बुडवून दाखवा.

विकणाऱ्या बाईकडून चार-पाच दिवस पुरेल एवढा तिथलाच दाणा मागून आणा. त्यात आपला दाणा रोज थोडा थोडा वाढवत न्या. पहिला आठवडा लेकरांना, पाहुण्यांना, कुत्र्यांना खुराड्यापासून दूर ठेवा. दाणापाणी शक्यतो एकाच बाईनं, रोज त्याच वेळी टाकावं. आमच्या गटातली एक आजी म्हणते, "लेक सासरी गेली का चार दिस तिच्याही गळ्याखाली घास उतरत नाही. ही तर कोंबडी आहे वं माय!"

जुन्या आणि नव्या कोंबड्यांचं भांडण

घरात आधीच कोंबड्या असतील तर नव्यांना लगेच त्यांच्यात सोडू नका. याची दोन कारणं आहेत.

पहिलं रोगाचं. वरून धडधाकट दिसणारी कोंबडीही रोग घेऊन येऊ शकते. नव्या कोंबड्या दोन ते तीन आठवडे वेगळ्या जागी ठेवा, त्यांची भांडीही वेगळी ठेवा. आधी जुन्यांचं करा, मग नव्यांचं, आणि हात-पाय धुवा.

दुसरं कारण मानपानाचं. कोंबड्यांमध्ये कोण मोठी, कोण धाकटी हे ठरलेलं असतं. मोठी आधी खाते आणि धाकटीला टोच मारून हुसकावते. नॉर्वे देशातल्या थोरलीफ शेल्डेरुप-एब्बे यांनी लहानपणापासून घरच्या कोंबड्या बारकाईनं पाहिल्या आणि 1921 मध्ये हा टोचणीचा क्रम जगापुढं मांडला. नवी कोंबडी आली की हा क्रम पुन्हा लावावा लागतो, त्यात आठ-पंधरा दिवस मारामारी चालते. नव्यांना दाणा-पाणी मिळत नाही आणि जुन्यांचीही अंडी घटतात.

म्हणून वेगळं ठेवण्याचे दिवस संपले की मधे जाळी लावून आठवडाभर एकमेकींना नुसतं दिसू द्या. मग रात्री, सगळ्या झोपल्यावर, नव्यांना आत ठेवा. एकटीला कधी सोडू नका, निदान दोघी-तिघींना एकत्र सोडा. दाण्याची आणि पाण्याची दोन-दोन भांडी लांब लांब ठेवा. रक्त निघालं तर त्या कोंबडीला लगेच बाजूला काढा, कारण रक्त दिसलं की बाकीच्या तिथंच टोचत राहतात.

दाण्यात काय हवं?

अंड्यावरची कोंबडी दिवसाला 100 ते 120 ग्रॅम दाणा खाते. मोकळी फिरणारी किडे, कोवळं गवत, सांडलेलं धान्य खाऊन त्यातला काही भाग स्वतः भागवते. पण पहिल्या दिवसांत ती कोंडलेली असते, तेव्हा सगळं आपल्यालाच द्यावं लागतं. नुसती ज्वारी किंवा कनी टाकली तर पोट भरतं, पण बलक भरत नाही. चार वाट्या ज्वारी-मक्याच्या भरड्यात दीड वाटी भाजलेल्या सोयाबीनचा भरडा मिसळा.

भाजलेल्या हा शब्द लक्षात ठेवा. आपल्या भागात घरोघरी सोयाबीन असतं आणि आपण मूठभर तसंच टाकतो. कच्च्या सोयाबीनमध्ये असा घटक असतो की त्यामुळे कोंबडीला त्यातलं सत्त्व पचत नाही. भाजलं किंवा शिजवलं की तो जातो. सोयाबीनची ढेप असेल तर तीही चालते. सरकीची ढेप मात्र गाई-म्हशींसाठीच ठेवा, अंड्यावरच्या कोंबड्यांना देऊ नका. ती त्यांना मानवत नाही आणि बलकाचा रंगही बिघडतो.

एका कवचाला सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागतं. खाण्यातून मिळालं नाही तर कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते. म्हणून शिंपल्यांचा चुरा किंवा अंड्यांची टरफलं भाजून, बारीक कुटून वेगळ्या वाटीत ठेवा. जिला हवं ती खाते. खुराड्याजवळ कोरडी माती आणि राख असलेला खड्डाही ठेवा. कोंबड्या त्यात लोळतात, उवा-पिसवा कमी होतात. रात्री अंगावर पिसवांचा त्रास असेल तर कोंबडी स्थिरावतच नाही.

उजेडाचंही ऐका. अंड्यांसाठी कोंबडीला दिवसाला 14 तासांहून जास्त उजेड लागतो. आपल्याकडे डिसेंबरात दिवस सुमारे 11 तासांचा असतो. दिवाळीनंतर आणलेल्या कोंबड्या अंड्यावर यायला म्हणूनच उशीर लावतात. वीज असेल तर पहाटे खुराड्यात एक लहान दिवा लावा. एकदम नको, दर आठवड्याला अर्धा तास वाढवा.

वाट कधी पाहू नये

तीन आठवडे धीर धरा, हे निरोगी कोंबडीसाठी. कोंबडी मान टाकून बसली, हिरवी पातळ विष्ठा केली, घशात घरघर लागली, मान वाकडी झाली, तर एक दिवसही थांबू नका. तो मानमोडी म्हणजे राणीखेत असू शकतो. लागलेल्या रोगावर औषध नाही, आधीची लस हाच इलाज. आजारी कोंबडी लगेच वेगळी करा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. 1962 या टोल फ्री क्रमांकावरही फोन करता येतो. एकाच वेळी बऱ्याच कोंबड्या पटापट मेल्या तर त्यांना हात लावू नका, विकू नका, खाऊ नका. आधी कळवा.

धीराचा खर्च किती?

आता पैशाचं बोलू, कारण आपला धीर तिथंच सुटतो. दहा कोंबड्या, रोज जास्तीत जास्त 1 किलो 200 ग्रॅम दाणा, 21 दिवस, म्हणजे सुमारे 25 किलो. मोकळ्या सोडल्यावर त्याहून कमी. तुमच्याकडच्या भावानं याचे पैसे काढा. मग दुसरीकडे लिहा, कोंबडी पडत्या भावात विकली तर किती तोटा, आणि पुढच्या वर्षभराची अंडी गेली तर किती. गावरान कोंबडी वर्षाला साधारण 60-70 अंडी देते, ग्रामप्रियासारखी सुधारित जात परसात दीडशेच्या वर देते. आमच्या ताईंनी हे गणित मांडलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प बसल्या. चार कोंबड्या विकून आलेले पैसे एका हप्त्यालाही पुरले नव्हते.

अंड्यांचा पैसा हा बाईच्या हातातला पैसा असतो. वही-पेन, दवाखाना, गटाची बचत त्यातूनच निघते. म्हणून आम्ही बैठकीत दोन गोष्टी ठरवल्या. पहिली, कोंबड्यांसाठी दिलेल्या कर्जाचा पहिला हप्ता आता दुसऱ्या महिन्यापासून घ्यायचा, म्हणजे हप्त्यापायी कोणी पंधराव्या दिवशी कोंबडी विकणार नाही. दुसरी, विकणारीनं कोंबडीचं वय आणि दाणा काय देत होती ते सांगायचं, आणि घेणारीनं आणल्याची तारीख भिंतीवर लिहायची. त्या तारखेपासून 21 दिवस मोजायचे. तोवर "का खाते, का देत नाही" असं कोणी म्हणायचं नाही, घरातल्यांनीसुद्धा.

ज्या दोघींचं बोलणं तुटायला आलं होतं, त्या आता पुन्हा एका सतरंजीवर बसतात. ताईंनी त्याच बाईकडून आणखी पाच कोंबड्या आणल्यात. या वेळी डालग्यात, पहाटे, सोबत तिथला दाणा घेऊन. आज त्यांच्या भिंतीवर तेरावा दिवस आहे. तुरे लाल व्हायला लागलेत.

तुमच्या गटात कोणी नुकत्याच कोंबड्या आणल्या असतील तर पुढच्या बैठकीत त्यांना तारीख विचारा. आणि 21 दिवस झाले नसतील तर त्यांच्या घरच्यांनाही हे वाचून दाखवा.